मराठवाड्यातून बंदराच्या स्वच्छ विजेच्या कामापर्यंत: इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि फिटरसाठी तयारी

बंदरातली नोकरी म्हटलं की जालना-परभणीकडच्या आयटीआय झालेल्या मुलांना जहाजच आठवतं, आणि मग आपलं ते काम नाही म्हणून विषय तिथंच संपतो. पण बंदरांवर आज जी नवी कामं निघत आहेत त्यांतली बहुतेक जमिनीवरची आहेत आणि विजेची आहेत. सब-स्टेशन, केबल, चार्जर, इन्व्हर्टर, रिले, अर्थिंग यांच्याशी ज्याचा हात बसला आहे त्याला पोहता येतं की नाही हे कुणी विचारत नाही. कामावर तीन गोष्टी पाहिल्या जातात: उच्च दाबाच्या विजेची शिस्त, खाऱ्या हवेत साहित्य कसं वागतं याची समज आणि बिनचूक कागदपत्रं. या तिन्हींची तयारी घरी राहूनच सुरू करता येते.

ही कामं का निघाली ते आधी थोडक्यात. केंद्राने मे २०२३ मध्ये 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. दर टन मालामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं, असं त्यात ठरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये हरित टगचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात न्हावा शेवा (उरणजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर), कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन या चार बंदरांनी प्रत्येकी किमान दोन हरित टग घ्यायच्या आहेत. टग म्हणजे मोठ्या जहाजाला धक्क्याला लावणारी ताकदवान बोट; हरित म्हणजे बॅटरीसारख्या स्वच्छ ऊर्जेवर चालणारी. न्हावा शेव्याला बॅटरी बदलता येणारे जड इलेक्ट्रिक ट्रक बंदराच्या आत धावू लागले आहेत. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली असून त्याचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. तिथे प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स होणार आहेत. एवढ्या लांबीच्या धक्क्यांवर वीज पोहोचवायची, तर त्यासाठी माणसं लागणारच.

जहाजाला किनाऱ्यावरून वीज: हे काम समजून घ्या

धक्क्याला लागलेलं जहाज गप्प उभं दिसतं, पण त्याच्या आत डिझेल जनरेटर चालूच असतात. दिवे, पंप, स्वयंपाकघर आणि सगळ्यात जास्त म्हणजे थंड कंटेनर, यांना वीज लागते. ती वीज किनाऱ्यावरून दिली की जनरेटर बंद करता येतात. टग आणि लहान बोटींना ४१५ व्होल्टची जोडणी बंदरांवर पूर्वीपासून आहे. मोठ्या कंटेनर जहाजांची गोष्ट वेगळी.

हिशेब असा. समजा जहाजाला १.५ मेगावॅट लागतात आणि पॉवर फॅक्टर ०.८ आहे. ४४० व्होल्टने द्यायचं तर करंट जातो सुमारे २,४६० अँपिअरवर. तेवढ्यासाठी जाड केबलींचा जुडगाच लागेल, तो माणसांना उचलताही येणार नाही. तेच ६.६ केव्हीने, म्हणजे ६,६०० व्होल्टने दिलं तर करंट येतो सुमारे १६४ अँपिअर. म्हणून कंटेनर जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ८०००५-१ मध्ये, ६.६ केव्हीच ठरलेलं आहे.

दुसरी अडचण फ्रिक्वेन्सीची. आपली वीज ५० हर्ट्झची आणि बहुतेक मोठी जहाजं ६० हर्ट्झची. त्यामुळे महावितरणकडून आलेली वीज थेट जहाजाला देता येत नाही. मधे स्टॅटिक फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बसवावा लागतो. साखळी अशी असते: येणारं उच्च दाबाचं फिडर, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ६.६ केव्हीचं स्विचगिअर आणि शेवटी धक्क्याच्या कडेला असलेल्या खड्ड्यातली सॉकेट पेटी. कंटेनर जहाजांच्या बाबतीत केबलचा रीळ जहाजावर असतो आणि केबल वरून खाली सोडली जाते.

जोडणी करताना क्रम चुकता कामा नये:

१. जहाजाच्या विद्युत अधिकाऱ्याशी रेडिओवर बोला. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, अपेक्षित लोड आणि जनरेटर बंद करण्याची वेळ कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

२. किनाऱ्याचा ब्रेकर उघडा आहे आणि अर्थिंग स्विच लागलेला आहे, हे डोळ्यांनी पाहा. पॅनलवरच्या दिव्यावर विश्वास ठेवून चालत नाही, कारण दिवा जळून गेलेला असू शकतो.

३. केबल खाली आली की प्लगचं झाकण काढा. आत पाणी, मीठ किंवा वाळू दिसली तर जोडू नका. स्वच्छ करा, कोरडं करा आणि इन्सुलेशन मोजा.

४. प्लग बसवा, लॉक करा आणि इंटरलॉकची किल्ली फिरवा. प्लगमध्ये मुख्य तारांसोबत पायलट तारा असतात. प्लग पुरता बसला तरच त्यांचं वर्तुळ पूर्ण होतं आणि ब्रेकर लागायला परवानगी मिळते.

५. माणसं बाजूला झाल्याची खात्री करून अर्थिंग स्विच उघडा, मग ब्रेकर लावा. फेज सिक्वेन्स जहाजावरून तपासून घ्या.

६. जहाज आपला जनरेटर किनाऱ्याच्या विजेशी सिंक्रोनाइझ करतं, लोड हळूहळू इकडे सरकवतं आणि मगच जनरेटर बंद करतं.

सोडवताना हेच उलट्या क्रमाने. जनरेटर सुरू, लोड परत जहाजावर, जहाजाचा ब्रेकर उघडा, किनाऱ्याचा ब्रेकर उघडा, दोन्हीकडचं अर्थिंग लावा आणि त्यानंतरच प्लगला हात लावा. लांब केबलमध्ये चार्ज साठून राहतो. ब्रेकर उघडला म्हणजे केबल मेली असं धरून प्लग ओढणं जिवावर बेतू शकतं.

बिघडतं काय? सगळ्यात जास्त वेळा प्लगमध्ये शिरलेला ओलावा. त्यानंतर पायलट तारेची वाकलेली पिन: सगळं ठीक दिसतं पण ब्रेकर लागत नाही, आणि नवखा माणूस तासभर रिले तपासत बसतो. तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार-पाच मीटर वर-खाली होते. त्यात माल उतरला की जहाज आणखी वर येतं. केबलला ढील कमी ठेवली तर ताणाचा अलार्म वाजून जोडणी ट्रिप होते, आणि जास्त ठेवली तर केबल धक्का आणि जहाज यांच्या फटीत घासते. म्हणून ड्युटीवर आल्यावर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहणं हे मीटर रीडिंग घेण्याइतकंच सवयीचं व्हायला हवं.

ती वीज येणार कुठून

१.५ मेगावॅट लोडचं जहाज २० तास थांबलं तर ३०,००० युनिट लागतात. जहाजाचे जनरेटर एका युनिटला साधारण २२० ग्रॅम इंधन जाळतात, म्हणजे ६.६ टन इंधन आणि त्यातून सुमारे २१ टन कार्बन डायऑक्साइड. आता तीच ३०,००० युनिटं आपल्या ग्रिडमधून घेतली, तर देशाच्या सरासरीने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरून पुन्हा २१ टनच येतात.

म्हणजे नुसती केबल जोडल्याने धक्क्यावरचा धूर, काजळी आणि आवाज जातो, उरण परिसरातल्या माणसांना त्याचा फायदा होतो, पण कार्बन फक्त औष्णिक केंद्राच्या धुराड्यात सरकतो. वीज सौर किंवा पवन असेल तरच हिशेब खरा होतो. बंदराकडे जागा मात्र कमी. तिथे प्रत्येक चौरस मीटरवर कंटेनर ठेवायचा असतो.

इथे मराठवाड्याचा संबंध येतो. आपल्याकडे एक मेगावॅटचा जमिनीवरचा सौर प्रकल्प दिवसाला सरासरी ४,००० ते ४,५०० युनिट देतो आणि त्याला चारेक एकर जमीन लागते. वर सांगितलेल्या एका जहाजाला पुरवायला असे सात मेगावॅट, म्हणजे तीसेक एकर माळ लागेल. २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन अॅक्सेस नियमांनी १०० किलोवॅट आणि त्यावरच्या ग्राहकाला दूरच्या प्रकल्पातून हरित वीज घ्यायची वाट मोकळी केली. धाराशिव-बीडकडच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. सौर वाहिनीचे प्रकल्प गावोगावच्या सब-स्टेशनजवळ उभे राहत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावलाच सुरू झाला, तीन मेगावॅटचा. ती वीज शेतीसाठी आहे, बंदरासाठी नाही. पण हात बसवायची शाळा तीच.

माळावर काय शिकून घ्यायचं

सौर प्रकल्पावर काम मिळालं की बहुतेकांना पहिल्यांदा पॅनल वाहायला आणि नट आवळायला लावतात. तेवढ्यावर थांबू नका. उभारणीचं काम पाच-सहा महिन्यांत संपतं, गँग दुसऱ्या गावाला जाते, आणि देखभालीला मोजकीच माणसं राहतात. ती मोजकी माणसं म्हणजे ज्यांना स्ट्रिंगचा (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या माळेचा) हिशेब येतो, इन्व्हर्टरचा फॉल्ट वाचता येतो आणि ११ किंवा ३३ केव्हीच्या पॅनलवर अधिकृतपणे हात घालता येतो ती.

स्ट्रिंगचा हिशेब एकदा स्वतः करून पाहा. ५५० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे लोड नसतानाचं व्होल्टेज, ४९.८ आहे असं धरा. इन्व्हर्टरची मर्यादा १,५०० व्होल्ट. साधा भागाकार ३० पॅनल सांगतो. पण थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. परभणीला डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांवर येतो, म्हणजे २५ अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा १५ अंश खाली. दर अंशाला ०.२७ टक्के धरले तर व्होल्टेज चार टक्क्यांनी वाढतं. २८ पॅनलना होतात सुमारे १,४५१ व्होल्ट, चालेल. २९ पॅनलना होतात १,५०३, म्हणजे मर्यादेबाहेर. उन्हाळ्यात उभारलेला प्रकल्प डिसेंबरमध्ये पहाटे इन्व्हर्टर जाळतो तो असा.

दुसरी गोष्ट एमसी-फोर कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या केबली एकमेकींना जोडणारा जोड. दिसायला क्षुल्लक, पण सौर प्रकल्पातल्या आगींचं मोठं कारण हाच. केबलचं आवरण सहा-सात मिलिमीटर सोला, तारेचा एकही धागा तुटू देऊ नका, धातूची पिन योग्य क्रिंपिंग टूलनेच दाबा. पक्कडीने दाबलेली पिन वरून घट्ट वाटते पण आत पोकळी राहते. दाबल्यावर ओढून पाहा, मग कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात सरकवा; 'टक' असा आवाज आला पाहिजे. मागचं बूच पान्याने आवळा. नर आणि मादी कनेक्टर एकाच कंपनीचे असू द्या. दोन कंपन्यांचे एकमेकांत बसतात, चालतातही, आणि दोन वर्षांनी जोड वितळलेला सापडतो.

तिसरी गोष्ट अर्थिंग. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ऑगस्टमध्ये मोजलेला अर्थ रेझिस्टन्स मे महिन्यात कितीतरी पट वाढलेला दिसतो, कारण इलेक्ट्रोडभोवतीची माती आकसून मोकळी झालेली असते. म्हणून मोजणी मे महिन्यात करा आणि तो आकडा खरा धरा. खाली लगेच मुरूम किंवा काळा पाषाण लागत असेल तर एक खोल इलेक्ट्रोड ठोकायच्या नादी न लागता दोन-तीन इलेक्ट्रोड अंतरावर घालून पट्टीने जोडा. अंतर किमान इलेक्ट्रोडच्या लांबीइतकं ठेवा. वळवाच्या पावसात इथे विजा किती पडतात हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टरची (विजेचा अचानक आलेला झटका झेलणाऱ्या उपकरणाची) खिडकी हिरवी, म्हणजे ठीक, आहे का लाल, म्हणजे निकामी, हे प्रत्येक वादळानंतर पाहायचं.

पॅनल धुण्याबाबत एकच: बोअरचं जड पाणी वाळलं की काचेवर पांढरा थर बसतो आणि तो पुढे घासूनही निघत नाही. मऊ पाणी वापरा, पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

सूर्यमित्र हे सौर तंत्रज्ञांसाठीचं सरकारी प्रशिक्षण साधारण तीन महिन्यांचं असतं आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन आयटीआय झालेल्यांना त्यात प्राधान्य मिळतं. प्रमाणपत्र उपयोगाचं आहे, पण मुलाखतीत वरचा २८-२९ पॅनलचा हिशेब तोंडी मांडणारा उमेदवार जास्त लक्षात राहतो.

खारी हवा: माळावर न शिकता येणारी गोष्ट

मराठवाड्यात साहित्याचा शत्रू धूळ आणि ऊन. बंदरावर शत्रू मीठ. बोल्टला गंज इथे पाच वर्षांत लागत असेल तर तिथे एका पावसाळ्यात लागतो. बंदरावर नट-बोल्ट एसएस ३१६ चे मागवा, ३०४ वर तिथे तपकिरी डाग पडू लागतात. अॅल्युमिनियमची फ्रेम आणि लोखंडी स्ट्रक्चर यांच्यामध्ये वॉशर किंवा पॅड घालायचा. दोन धातू आणि मधे खारं पाणी म्हटलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पॅनल घेताना मिठाच्या फवाऱ्याची आयईसी ६१७०१ चाचणी झाली आहे का, ते कागदावर पाहा. अर्थिंगचा प्रकार उलटा: भरावाच्या खारट जमिनीत रेझिस्टन्स सहज कमी मिळतो, पण जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी लवकर झिजते, म्हणून तांब्याचा मुलामा असलेला इलेक्ट्रोड घालतात.

पहाटे दव पडलं की मिठाचा थर ओला होतो आणि गळती करंट वाढतो. इन्व्हर्टर सकाळी 'इन्सुलेशन कमी' असा फॉल्ट दाखवतो आणि नऊ-दहा वाजता आपोआप बरा होतो. याकडे दुर्लक्ष करू नका. तो आपोआप बरा होतो म्हणजे कुठेतरी कनेक्टर किंवा जंक्शन बॉक्सची सील गेलेली आहे. सकाळी फॉल्ट असतानाच एकेक स्ट्रिंग वेगळी करून मोजा. दुपारी शोधायला गेलात तर काही सापडणार नाही.

केबल पेटीत शिरते तिथल्या ग्लँडचंही (भोक घट्ट बंद करणाऱ्या तुकड्याचंही) तसंच. न वापरलेल्या भोकाला बूच नसेल तर पेटीवर धूळ-पाणी रोखण्याचं कितीही चांगलं आयपी रेटिंग छापलेलं असो, ती निकामी.

जालन्याच्या बाजूला: ट्रक चार्जिंग आणि थंड कंटेनर

सगळ्यांनी उरणला जायला हवं असं नाही. जालन्याजवळ दरेगावला ड्राय पोर्टचं (समुद्रापासून दूरच्या कंटेनर केंद्राचं) भूमिपूजन २५ डिसेंबर २०१५ ला झालं. दौलताबादजवळ माळीवाड्याला कंटेनर डेपो आधीपासून आहे. समृद्धी महामार्ग जालन्याला लागून जातो आणि जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे. लोखंडी सळई, बियाणं, सरकी, मोसंबी, डाळिंब, द्राक्षं असा माल इथून बंदराकडे जातो.

इलेक्ट्रिक ट्रकने तो न्यायचा तर हिशेब काय? जालना ते न्हावा शेवा सुमारे ४०० किलोमीटर. भरलेला ५५ टनी ट्रक किलोमीटरला साधारण १.४ युनिट खातो, म्हणजे एका फेरीला ५६० युनिट. बॅटरी २८० युनिटची असेल आणि त्यातले ८० टक्के वापरायचे ठरवले तर एका चार्जवर १६० किलोमीटर. निघताना पूर्ण भरलेली बॅटरी आणि वाटेत किमान दोन थांबे. जाताना इगतपुरीनंतर उतार आहे, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते. येताना भरलेला ट्रक तोच चढ चढतो तेव्हा १.४ चा आकडा विसरा आणि थांबा घाटाच्या खालीच घ्या.

दहा ट्रकसाठी जालन्याला २४० किलोवॅटचे पाच चार्जर बसवायचे असं समजा. एकूण १,२०० किलोवॅट. चार्जरची कार्यक्षमता ९५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.९८ धरला तर ट्रान्सफॉर्मरवर सुमारे १,२९० केव्हीए येतात. १,६०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. १,२५० वाला स्वस्त पडतो म्हणून घेतला तर मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, तेलाचं तापमान चढून तोच ट्रिप होईल. पाचही चार्जर एका वेळी पूर्ण क्षमतेने चालू नयेत यासाठी लोड मॅनेजमेंट बसवा, नाहीतर करारातली मागणी ओलांडली गेली की बिलात दंड येतो. गोदामाच्या छतावर एक मेगावॅट सौर असेल, म्हणजे ५५० वॅटचे सुमारे १,८२० पॅनल, तर ट्रकांचं वेळापत्रक दुपारच्या चार्जिंगभोवती बांधा. चार्जरच्या पंख्यांची जाळी आपल्या धुळीत पंधरा दिवसांत भरते. ती साफ केली नाही तर चार्जर तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. ड्रायव्हर म्हणतो 'लाइट कमी आहे', पण दोष जाळीचा असतो.

थंड कंटेनरचं काम छोटं वाटतं पण कायम चालणारं आहे. प्रत्येकाला थ्री-फेज, ३२ अँपिअरचा लाल चार पिनांचा प्लग लागतो आणि त्याची अर्थ पिन घड्याळातल्या तीनच्या जागी असते. साध्या औद्योगिक सॉकेटमध्ये ती सहाच्या जागी असते. बाजारातून 'तसाच दिसतो' म्हणून सहावाला सॉकेट आणून बसवला की कंटेनर आल्यावर प्लग बसत नाही, आणि मग कुणीतरी पिन तासायला घेतं. हे कधीही करू नका, सॉकेट बदला. नुकताच भरलेला डाळिंबाचा कंटेनर सुरुवातीला दहाएक किलोवॅट ओढतो, थंड झाल्यावर सरासरी तीन ते पाचवर येतो. पन्नास कंटेनरचा अंदाज सरासरीने धरला तर २०० किलोवॅट होतात, पण दुपारी एकदम वीस भरून आले तर त्यांचेच २०० होतात. फिडर ठरवताना ही दुपार लक्षात घ्या. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ब्रेकर द्या आणि प्लग काढण्याआधी तो बंद करायची सवय लावा. लोडवर ओढलेल्या प्लगमध्ये ठिणगी पडते, पिना काळ्या पडतात, आणि पुढच्या कंटेनरला एक फेज मिळत नाही.

परवाने आणि शिस्त

आयटीआयच्या प्रमाणपत्रावर काम मिळतं, पण अधिकार मिळत नाही. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून वायरमनचा परवाना घ्या, अनुभव झाला की विद्युत पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र. अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो, म्हणून ज्या ठेकेदाराकडे काम केलं त्याच्याकडून सोडताना लगेच लेखी घ्या. दोन वर्षांनी तो सापडत नाही. शिवाय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार उच्च दाबाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्याचं नाव अधिकृत व्यक्तींच्या यादीत असावं लागतं. साइटवर रुजू झाल्यावर ती यादी मागा आणि आपलं नाव येईपर्यंत पॅनल उघडू नका, मुकादम काहीही म्हणो.

पाच पायऱ्या पाठ असू द्या: वीज तोडा, कुलूप लावून पाटी टांगा, मेली का तपासा, अर्थ करा, जागा दोरीने बंद करा. तपासताना डिटेक्टर आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या लाइनवर, मग परत चालू लाइनवर लावायचा. मधला निकाल तेव्हाच खरा. ६.६ केव्हीसाठी क्लास २ चे रबरी हातमोजे लागतात. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडून पाहा. हवा सुटली तर तो मोजा फेकायचा. बॅटरीच्या ट्रकवर काम करताना क्लास ० पुरतो, पण हे लक्षात ठेवा की तिथली डीसी वीज किल्ली काढली तरी बॅटरीत असतेच.

रंगांधळेपणाची तपासणी आत्ताच करून घ्या. बंदरावरच्या वैद्यकीय चाचणीत ती होते, आणि तिथे कळण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयात आधी कळलेलं बरं.

काम शोधताना

न्हावा शेवा बंदर आता जमीनदार पद्धतीचं आहे. प्राधिकरण जागा आणि सोयी देतं, टर्मिनल्स चालवतात खाजगी कंपन्या. त्यामुळे प्राधिकरणाच्या भरतीची वाट पाहत बसलात तर वर्षं जातील. टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्या, क्रेन आणि कन्व्हर्टर पुरवणाऱ्यांचे सर्व्हिस विभाग, सौर देखभालीचे ठेकेदार आणि ट्रकच्या बॅटऱ्या सांभाळणाऱ्या कंपन्या, या चार ठिकाणी अर्ज करा. अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी करा आणि १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप मिळत असेल तर पगार कमी वाटला तरी ती घ्या. वर्षभरात स्विचगिअरवर जो हात बसतो तो पुढच्या दहा वर्षांना पुरतो. हे मुलींनाही तितकंच लागू आहे. कंट्रोल रूम, मीटरिंग, चाचणी आणि चार्जिंग स्टेशनची कामं बारा तास उभं राहण्याची नाहीत आणि आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात आता मुली दिसतात.

बंदरातल्या जमिनीवरच्या कामाला जहाजावरच्या खलाशाचं सीडीसी पुस्तक लागत नाही. 'बंदरात लावतो, आधी सीडीसीचे पैसे भरा' असं कुणी म्हणालं की तिथून उठा. बंदराचा प्रवेश पास नोकरी देणारी कंपनी काढते, तो विकत मिळत नाही. प्राधिकरणाच्या कायम जागांची जाहिरात त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर येते आणि तिचं शुल्क एजंटच्या खात्यात जात नसतं.

फाटकावर सीआयएसएफचे जवान असतात आणि कागदात फरक दिसला तर आत सोडत नाहीत. आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते नावावर: शाळेच्या दाखल्यावर 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानेश्वर', एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही. निघण्याआधी आधार, दहावीचं प्रमाणपत्र, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि बँक पासबुक या चारींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. पोलिसांची चारित्र्य पडताळणी गावाच्या ठाण्यातून करावी लागते, तिला वेळ लागतो, तोही धरा.

राहायला उरण, द्रोणागिरी, पनवेल. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते आणि वाटेत न्हावा शेव्याजवळही स्थानक आहे. नांदेड-परभणी-जालन्याकडून देवगिरीने आलात तर ठाण्याला उतरा, नेरूळची लोकल पकडा, तिथून उरणची.

रुजू होताना नियुक्तिपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला द्यायचं बंधन घातलं आहे. त्यावर पद 'हेल्पर' लिहिलंय की 'इलेक्ट्रिशियन' ते वाचा. पुढे पर्यवेक्षक परवान्यासाठी हाच कागद अनुभव म्हणून मोजला जातो. दर महिन्याला मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून ठेकेदाराने रक्कम भरली का ते पाहा. दोन महिने सलग भरली नसेल तर आधी त्याला लेखी विचारा, उत्तर आलं नाही तर मुख्य कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे तोच कागद द्या. ठेकेदाराने थकवलेल्या पीएफची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावरही येते, त्यामुळे तिथे दखल घेतली जाते.